शहरे कशाच्या बळावर वाढली? खंडोखंडीच्या नागरी लोकसंख्येचा हिशेब

नकाशावाचक (धागा सुरू करणारे)

संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या विभागाचा २०१८ सालचा एक तक्ता गेले काही दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. कोणत्या खंडात शंभरांतली किती माणसे शहरात राहतात, याचे १९५० आणि २०१८ या दोन सालांचे आकडे त्यावरून शेजारी शेजारी मांडता येतात. उत्तर अमेरिका ६४ वरून ८२ वर गेली, युरोप ५२ वरून ७४ वर, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटे ४१ वरून ८१ वर, आशिया साडेसतरावरून ५० वर आणि आफ्रिका १४ वरून ४३ वर. साऱ्या जगाचे पाहिले तर १९५० मध्ये शहरांत ७५ कोटी माणसे होती, ती २०१८ मध्ये ४२० कोटी झाली. २००७ च्या सुमारास शहरवासीयांची संख्या खेड्यांतल्या लोकांपेक्षा जास्त झाली.

हा तक्ता पाहणारे बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: खेड्यात पोट भरेना, म्हणून माणसे शहरात आली, युरोपात आधी आली, आपल्याकडे नंतर आली आणि आफ्रिकेत आता येत आहेत. म्हणजे सगळे खंड एकाच वाटेवरून चालले आहेत, फक्त कोणी पुढे आहे आणि कोणी मागे. मला हे पटत नाही. शहरे कितीने वाढली हे तक्ता सांगतो, पण कशाच्या बळावर वाढली हे सांगत नाही, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच आहे.

इंग्लंडपासून सुरुवात करतो, कारण निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहतात अशी नोंद करणारी पहिली मोठी जनगणना तिथली, १८५१ सालची. १८०१ मध्ये सुमारे ७५ हजारांचे असलेले मँचेस्टर १८५१ मध्ये तीन लाखांचे झाले होते. मात्र ही वाढ मँचेस्टरच्या पाळण्यांतून आलेली नव्हती. एडविन चॅडविक यांनी मजुरांच्या आरोग्यस्थितीवरच्या आपल्या १८४२ च्या प्रसिद्ध अहवालात मजूरवर्गातील मृतांचे सरासरी वय दिले आहे: ग्रामीण रटलंडमध्ये ३८ वर्षे आणि मँचेस्टरमध्ये १७ वर्षे. याचा अर्थ मजूर सतराव्या वर्षी मरत होते असा नाही. पाच वर्षांच्या आत इतकी मुले दगावत होती की सरासरी तिथे येऊन बसली. लंडनची कथा त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात तिथल्या चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्म्यांपेक्षा दफनांचे आकडे मोठे आहेत. म्हणजे लंडन स्वतःच्या बळावर सोडले असते तर आकसत गेले असते. ते वाढले, कारण बाहेरून येणारी माणसे स्मशानात जाणाऱ्यांपेक्षा जास्त होती. शहर माणसे खात होते आणि खेडी ती पुरवत होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हे चित्र बदलले ते पाण्याने. १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाशी कॉलऱ्याचा संबंध जोडला, १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने खुद्द पार्लमेंटचे कामकाज अवघड केले, आणि त्यानंतर अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली लंडनची मोठी गटारे बांधली गेली. पाण्याने किती फरक पडत होता, याचा याहून स्पष्ट दाखला जर्मनीत आहे. १८९२ मध्ये हँबर्गमध्ये कॉलऱ्याने साडेआठ हजारांच्या वर माणसे दगावली, आणि लागूनच असलेले आल्टोना मात्र बऱ्याच अंशी वाचले. दोन्ही शहरे एल्बे नदीचेच पाणी पीत होती. आल्टोना ते वाळूतून गाळून घेत होते आणि हँबर्ग तसेच पीत होते. त्या दशकापर्यंत पश्चिम युरोपातली बहुतेक शहरे स्वतःच्या जन्मांवर वाढण्याजोगी झाली, पण तोवर तिथल्या नागरीकरणाचा मोठा टप्पा पार पडलेला होता.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. शिकागोत १८४० मध्ये साडेचार हजार माणसे होती आणि १८९० मध्ये अकरा लाख. रेल्वे, धान्याचा बाजार, कत्तलखाने आणि अटलांटिक ओलांडून येणारी माणसे यांचे ते काम होते. अख्ख्या देशात शहरी लोक निम्म्याहून अधिक झाल्याचे १९२० च्या जनगणनेने सांगितले.

लॅटिन अमेरिका मात्र चर्चेत नेहमी सुटते, आणि माझ्या दृष्टीने ती या तक्त्यातली सर्वांत बोलकी ओळ आहे. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसमध्ये, १९१४ च्या जनगणनेत जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. इथपर्यंत ते शिकागोचे भावंड शोभते. ब्राझीलमधल्या साओ पावलोचे तसे नाही. १८७२ मध्ये तिथे ३१ हजार लोक होते, १९५० मध्ये २२ लाख आणि १९८० मध्ये सुमारे ८५ लाख. आधी कॉफी आणि इटालियन मजूर होते, पुढे कारखाने आले आणि ब्राझीलच्याच ईशान्येकडच्या दुष्काळी भागातून माणसे येऊ लागली. पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. लस, प्रतिजैविके आणि डासनाशक फवारे यांमुळे मृत्युदर झपाट्याने उतरला आणि जन्मदर मात्र एका पिढीहून अधिक काळ वरच राहिला. मँचेस्टरमध्ये मजूर आधी आला आणि औषध नंतर. इथे औषध जवळजवळ मजुराबरोबरच आले. त्यामुळे आलेला माणूस जगला, त्याची मुले जगली, आणि ती मुले शहरातच वाढली.

आफ्रिकेत हे आणखी पुढे गेले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार काँगोच्या राजधानीत, किन्शासात, १९५० मध्ये दोन लाख लोक होते आणि २०१८ मध्ये एक कोटी तीस लाख. या काळात काँगोत काही मँचेस्टरसारख्या गिरण्या उभ्या राहिल्या नाहीत. उलट १९७० नंतरच्या तीन दशकांत तिथले दरडोई उत्पन्न घसरतच गेले. तरीही शहर वाढले. ते कारखान्याच्या भोंग्यावर वाढले नाही, प्रसूतिगृहाच्या खाटांवर वाढले.

म्हणून माझे म्हणणे असे की युरोपातली शहरे स्थलांतराने वाढली आणि विसाव्या शतकातली लॅटिन अमेरिका, आशिया आणि आफ्रिका यांची शहरे मुख्यतः स्वतःच्या जन्मांनी वाढली. ज्यांना हे चुकीचे वाटते त्यांनी अवश्य लिहावे.

दुपारची लोकल

मुंबईचे आकडे आपल्या चौकटीत बसतात का, हे पाहत होतो. १९११ आणि १९२१ या दोन्ही जनगणनांत मुंबईतले दर पाचांपैकी सुमारे चार रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया सहाशेच्याही खाली होत्या. म्हणजे तेव्हाची मुंबई ही घर करून राहण्याची जागा नव्हती. एका खोलीत पंधरा-वीस गाववाले आळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि महिन्याला मनीऑर्डर करत. त्याआधीची चढउतारही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या भरात १८६४ मध्ये ८ लाख १६ हजारांवर गेलेली मुंबई तेजी फुटल्यावर १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजारांवर आली, आणि १८९६ च्या प्लेगनंतर १९०१ मध्ये पुन्हा १८९१ च्या खाली गेली. त्या काळापुरती आपली ‘माणसे खाणारे शहर’ ही कल्पना तंतोतंत लागू पडते.

पण जन्मस्थळाच्या आकड्यांबद्दल एक शंका मांडतो, कारण ती आमच्या घरातलीच आहे. आजोबा गिरणीत आधी बदली कामगार होते, मग कायम झाले, आणि आजीला त्यांनी १९५० नंतर चाळीत आणले. बिऱ्हाड मुंबईत, रेशनकार्ड मुंबईत, पण चारही बाळंतपणे आजीच्या माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यात झाली. मूल दोन-तीन महिन्यांचे झाले की बोटीने मुंबईत यायचे. जनगणनेच्या रकान्यात माझे वडील, काका आणि दोन्ही आत्या ‘बाहेर जन्मलेले’ म्हणून जाणार. वस्तुतः ती शहरातल्या संसाराची शहरातली मुले होती. अशी घरे लालबाग-परळात एक-दोन नव्हती. तेव्हा स्थलांतर आणि जन्म यांतली रेघ आपण आखली आहे तेवढी स्वच्छ नाही, निदान कोकणच्या माणसाच्या बाबतीत तरी नाही.

रानवाट

लेख आवडला, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे आणि ती किरकोळ नाही.

आपण सुरुवात टक्केवारीने केली आणि शेवट संख्येने. शहराची लोकसंख्या जन्मांमुळे वाढू शकते, हे कबूल. पण देशातला शहरी लोकांचा वाटा केवळ शहरातल्या जन्मांनी वाढायचा असेल, तर शहरातली नैसर्गिक वाढ, म्हणजे जन्म वजा मृत्यू, खेड्यातल्या नैसर्गिक वाढीपेक्षा जास्त असायला हवी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गरीब देशांमध्ये परिस्थिती बहुधा याच्या उलट होती: शहरात मृत्यू कमी होते, पण मुलेही कमी होत होती, आणि खेड्यात मुले भरपूर होत होती. दोन्हीकडे लोक सारख्याच वेगाने वाढत असतील तर वाटा जागच्या जागी राहतो. मग आफ्रिका १४ वरून ४३ वर गेली ती कशाने? एकतर माणसे खेड्यातून शहरात गेली, नाहीतर खेड्याचेच शहर झाले. तिसरी वाट गणितात नाही. म्हणजे ज्या तक्त्याने आपण सुरुवात केली, त्याच तक्त्याचे स्पष्टीकरण आपल्या निष्कर्षात येत नाही.

नकाशावाचक

रानवाट यांचा आक्षेप मान्य आहे, आणि शेवटचा परिच्छेद मी घाईने लिहिला हेही मान्य आहे. मूळ लेखात बदल करत नाही, म्हणजे पुढचे प्रतिसाद वाचताना कोणाचा गोंधळ होणार नाही.

तरीही संख्या आणि वाटा यांपैकी कोणता आकडा कोणाच्या कामाचा, हे वेगळे काढले पाहिजे. समजा एका देशात शहरात दहा लाख आणि खेड्यांत नव्वद लाख लोक आहेत, आणि दोन्हीकडे नैसर्गिक वाढ वर्षाला अडीच टक्के आहे. एकही माणूस हलला नाही तरी अठ्ठावीस वर्षांत शहर वीस लाखांचे होते. तक्त्यात वाटा दहा टक्केच दिसतो, म्हणजे ‘नागरीकरण झालेच नाही’. पण त्या शहराच्या पाणीपुरवठा अभियंत्याला दुप्पट पाणी आणावे लागते, शाळा दुप्पट लागतात, आणि ज्या जमिनीवर घरे उठतात ती जमीन परत मोकळी होत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या एकूण लोकसंख्येची वाढ साधारणपणे वर्षाला एका टक्क्याच्या आतबाहेर होती. आफ्रिकेत ती गेली कित्येक दशके अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून शहरी वाटा दोन्हीकडे सारख्याच वेगाने वाढला, तरी आफ्रिकेतल्या शहराला दरवर्षी सामावून घ्यावी लागणारी माणसे कितीतरी जास्त असतात.

तेव्हा माझे विधान असे दुरुस्त करतो: वाटा वाढतो तो स्थलांतराने आणि खेड्याचे शहर झाल्याने, शहराचा आकार मात्र त्याशिवाय स्वतःच्या जन्मांनीही वाढतो, आणि हा दुसरा भाग जुन्या युरोपात जवळजवळ नव्हता.

पाटाचे पाणी

‘खेड्याचेच शहर झाले’ हे वाक्य रानवाट यांनी ओझरते टाकले आहे. मला त्यावरच थांबायचे आहे, कारण सरकारी नोकरीतली बरीच वर्षे मी नेमक्या याच रेघेच्या अलीकडे-पलीकडे काढली आहेत.

शहर म्हणजे काय, याची जगात एकच व्याख्या नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये दोनशे माणसांची सलग वस्तीसुद्धा नागरी धरली जाते. जपानमध्ये ‘शि’ हा दर्जा मिळायला साधारणपणे पन्नास हजार लोकसंख्या लागते. अमेरिकेत अडीच हजारांची जुनी अट होती, ती २०२० च्या जनगणनेत पाच हजार माणसे किंवा दोन हजार घरे अशी झाली. इजिप्तमध्ये प्रशासनाने ज्याला शहर म्हटले तेच शहर, त्यामुळे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातली दाट वस्तीची मोठमोठी गावे कागदावर खेडीच राहतात. आपल्याकडे १९६१ पासून दोन प्रकार आहेत. जिथे नगरपालिका, महानगरपालिका किंवा तत्सम संस्था आहे ते वैधानिक नगर. जिथे ती नाही, पण वस्ती पाच हजारांवर आहे, घनता चौरस किलोमीटरला चारशेवर आहे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश शेतीबाहेरचे आहेत, ते जनगणनेपुरते शहर, म्हणजे ज्याला कचेरीत सगळे ‘सेन्सस टाउन’ म्हणतात. अशी शहरे २००१ मध्ये १,३६२ होती आणि २०११ मध्ये जवळजवळ ३,९०० झाली. तिथले लोक कुठेही गेले नाहीत. त्यांच्या गावात अजून ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, आणि गटाराला पैसे नाहीत. पण राष्ट्रीय तक्त्यात ते शहरवासी झाले. केरळ हे याचे ठळक उदाहरण आहे. दहा वर्षांत तिथला नागरी वाटा २६ टक्क्यांवरून जवळजवळ ४८ टक्क्यांवर गेला. ज्या राज्यातून माणसे आखाती देशांत जातात, ते राज्य अचानक शहरी होण्यामागे खेड्यातून शहरात आलेले लोंढे नव्हते. रबर, दुकान, नोकरी आणि परदेशातून येणारा पैसा यांवर जगणारी सलग वस्ती होती, जिला खेडे म्हणणे केव्हाच खोटे झाले होते.

भारताचा २०११ चा ३१ टक्के हा आकडा म्हणूनच जपून वापरावा. पाच हजारांच्या वरची प्रत्येक वस्ती शहर धरली तर तो बराच वर जाईल, आणि फक्त नगरपालिका मोजल्या तर खाली येईल.

आता तर संयुक्त राष्ट्रसंघानेही मोजपट्टी बदलली आहे. २०२० मध्ये त्यांच्या सांख्यिकी आयोगाने मान्य केलेल्या पद्धतीत देशांच्या व्याख्या बाजूला ठेवून पृथ्वीवर एकेक चौरस किलोमीटरचे चौकोन आखतात. चौरस किलोमीटरला किमान दीड हजार घनतेचे सलग चौकोन आणि त्यांत मिळून पन्नास हजार माणसे असली की ते शहर. या पद्धतीने २०२५ चे अंदाज आल्यावर इतकी वर्षे पहिल्या क्रमांकावर असलेले टोकियो सुमारे ३.३ कोटींसह तिसरे झाले, जकार्ता जवळजवळ ४.२ कोटींसह पहिले आणि ढाका सुमारे ३.७ कोटींसह दुसरे आले. एका रात्रीत जकार्तात काही कोटी माणसे उतरली नाहीत. जावा बेटावरची सलग वस्ती आधीपासून तशीच होती, फक्त आता ती मोजणारी चौकट पालिकेच्या हद्दीवर अडत नाही.

नकाशावाचक

पाटाचे पाणी यांचे आभार. म्हणजे मी वापरलेला २०१८ चा तक्ता आणि २०२५ चा तक्ता एकाखाली एक ठेवता येणार नाहीत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. मूळ लेखातले सर्व खंडवार आकडे २०१८ च्या, म्हणजे देशांच्या आपापल्या व्याख्यांवरच्या तक्त्यातले आहेत.

शेवंती

चीनविषयी कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. ‘आशियातली शहरे जन्मांनी वाढली’ असे सरसकट म्हणणे तिथे टिकत नाही. १९७८ मध्ये चीनमधले १८ टक्के लोक शहरात होते. २०११ मध्ये हा आकडा निम्म्याच्या पुढे गेला आणि २०२० च्या जनगणनेत जवळजवळ ६४ टक्के झाला. या काळातली बहुतेक वर्षे एक अपत्याचे धोरण लागू होते, म्हणजे शहरातल्या पाळण्यांना जवळजवळ कुलूपच होते. वाढ झाली ती माणसे आली म्हणून, आणि पालिकांच्या हद्दी वाढवून आजूबाजूची गावे आत घेतली म्हणून. शेन्झेनला १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला तेव्हा तो मासेमारी आणि शेतीवर जगणारा, हाँगकाँगच्या सीमेवरचा तालुका होता. २०२० मध्ये तिथे एक कोटी पंच्याहत्तर लाखांवर माणसे मोजली गेली.

पण चीनमधल्या स्थलांतराला एक अट आहे, जी मँचेस्टरला नव्हती. १९५८ च्या नियमांनी प्रत्येक कुटुंबाची ‘हुकोऊ’ ही नोंद एका जागेशी बांधून टाकली. शहरात काम मिळाले तरी नोंद गावाचीच राहते, आणि मुलाची शाळा, दवाखान्याची सवलत, निवृत्तिवेतन हे सारे नोंदीमागून जाते. २०२० मध्ये नोंद एकीकडे आणि राहणे दुसरीकडे अशी, एकाच शहराच्या निरनिराळ्या भागांत नोंद असलेले सोडून, ३७ कोटींवर माणसे होती. ती शहरी आहेत की नाहीत, हे त्यांनाच विचारावे लागेल. कारखान्याच्या वसतिगृहात आठ जणींच्या खोलीत राहणारी आणि नववर्षाला रेल्वेने गावी जाणारी मुलगी दुपारची लोकल यांच्या आजोबांच्या खोलीत ओळखीची वाटली असती. फरक इतकाच की आजोबांना आपले बिऱ्हाड चाळीत आणायला कोणाची परवानगी लागली नाही.

दक्षिण कोरियाही याच गटातली. १९६० मध्ये २८ टक्के असलेला तिथला नागरी वाटा १९९० मध्ये ७४ टक्के झाला. एका पिढीत एवढा पल्ला युरोपातल्या एकाही मोठ्या देशाने गाठलेला नाही.

उंबराचे झाड

मी कामानिमित्त पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत नऊ वर्षे राहिलो. नकाशावाचक यांच्या लेखात आफ्रिका फार सपाट झाली आहे, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली ही की १९५० चा १४ टक्के हा आकडा नैसर्गिक नव्हता, तो धरून ठेवलेला होता. नैरोबी १८९९ मध्ये रेल्वेचे ठाणे म्हणून वसले आणि वसाहतीच्या काळात आफ्रिकी माणसाने तिथे फक्त कामापुरते यावे, एकट्याने यावे आणि काम संपले की परत जावे, असा सारा बंदोबस्त होता. केनियात पुरुषांना गळ्यात अडकवायच्या डबीत ‘किपांडे’ नावाचा ओळखीचा कागद बाळगावा लागे. दक्षिण आफ्रिकेत १९२३ च्या कायद्याने शहर ही गोऱ्यांची जागा ठरवली आणि पास दाखवण्याचे कायदे १९८६ पर्यंत चालले. स्वातंत्र्यानंतर हे बांध ज्या ज्या देशात फुटले तिथे पहिल्या वीस वर्षांत आलेली लाट ही जन्मांची नव्हती, ती बायकामुलांना शहरात आणण्याची होती. शहरात जन्म वाढले ते त्यानंतर, कारण जन्म द्यायला आधी कुटुंब एका ठिकाणी असावे लागते.

दुसरी ही की हा वाटा उलटा फिरू शकतो. झांबियात तांब्याच्या खाणींभोवती शहरांची एक रांगच आहे, आणि १९८० मध्ये तो देश आफ्रिकेतल्या सर्वांत शहरी देशांपैकी एक होता: सुमारे चाळीस टक्के. तांब्याचे भाव पडले, खाणींतली माणसे कमी झाली, मक्याच्या पिठावरची सरकारी सवलत गेली, आणि २००० च्या जनगणनेत वाटा पस्तीस टक्क्यांच्या आसपास उतरला. शहरे रिकामी पडली नाहीत. त्यांतली संख्या थोडी वाढलीच, पण खेडी त्यांच्यापेक्षा जोरात वाढली, कारण खाणीतून निघालेला माणूस काका-मामांच्या गावी जमीन मागायला गेला. ज्याला नकाशावाचक ‘एकाच वाटेवरून चालणारे खंड’ म्हणून नाकारतात, त्या कल्पनेला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

रानवाट

झांबियाचे उदाहरण उत्तम आहे. तसाच उलटा प्रवास श्रीमंत देशांतही झाला, पण तिथे माणसे खेड्यात गेली नाहीत. डेट्रॉइट १९५० मध्ये साडेअठरा लाखांचे होते आणि २०१० मध्ये सात लाखांच्या थोडे वर. लिव्हरपूल १९३१ च्या साडेआठ लाखांवरून २००१ मध्ये साडेचार लाखांच्या खाली आले. देशांचा नागरी वाटा मात्र या काळात कमी झाला नाही, कारण ही माणसे उपनगरांत आणि दुसऱ्या शहरांत गेली. खंडाच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही.

ओशनियाचा, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांचा, आकडा आपण दिला नाही, पण तोही सरासरीने फसवतो. मेलबर्न सोन्याच्या शोधानंतर चाळीस वर्षांत पाच लाखांच्या जवळ गेले आणि ऑस्ट्रेलिया जवळजवळ सुरुवातीपासूनच शहरी राहिली, तर शेजारच्या पापुआ न्यू गिनीत आजही अधिकृत व्याख्येप्रमाणे शंभरांतली तेरा-चौदा माणसेच शहरात आहेत. या दोघांची सरासरी काढून काय हाती लागते?

पाटाचे पाणी

मुंबईचेही तेच. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, आणि ज्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाने गिरण्यांना माणसे दिली त्या दोन्ही जिल्ह्यांचीही लोकसंख्या त्याच दशकात घटली. माणसे गेली कुठे, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जो ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. आता कोकणातला मुलगा थेट विरारला किंवा बदलापूरला उतरतो. लालबाग त्याच्या वाटेवर लागतच नाही.

दुपारची लोकल यांच्या जन्मस्थळाच्या शंकेबद्दल: ती जनगणना खात्यालाही फार पूर्वीपासून होती. १९७१ मध्ये जन्मस्थळाबरोबर ‘याआधीचे राहण्याचे ठिकाण’ हा प्रश्न त्यासाठीच महत्त्वाचा ठरला, आणि २००१ मध्ये स्थलांतराच्या कारणांत ‘जन्मानंतर स्थलांतर’ असे वेगळे कारण आले. नोकरी, लग्न, शिक्षण यांच्या शेजारी आता तुमच्या वडिलांसारख्या मुलांचा स्वतंत्र रकाना आहे.

दुपारची लोकल

हे ठाऊक नव्हते. काल रात्री वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “मी नोकरीसाठी आलो नाही, लग्नासाठी आलो नाही, आईच्या कडेवर आलो. तसा रकाना आहे का?” २०२१ ची राहिलेली जनगणना आता २०२७ मध्ये आहे, तेव्हा प्रगणक दारात आला की ते हेच उत्तर देणार, असे त्यांनी जाहीर केले आहे.